त्यांची आवड नव्हे, आपली कसूर

"आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना कॉम्प्युटर करून बघायचा नसतो; त्यांना नोट्स हव्या असतात." महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य इतक्या सहज बोलले जाते की त्यातला अन्याय कोणाच्या कानाला खुपत नाही. बी.ए., बी.कॉम.च्या वर्गाला संगणकाचा पेपर शिकवणारे त्याला पुरावाही देतात. प्रॅक्टिकलचे तास वाढवू की नोट्स देऊ, असे वर्गाला विचारले तर बहुतेक हात नोट्ससाठी वर होतात. त्यावरून ठरवले जाते की या मुलांची अध्ययनशैलीच मुळी ऐकण्याची आणि उतरवून घेण्याची. यंत्राशी झटापट करत शिकणे हा इंजिनिअरिंगवाल्यांचा पिंड. कधी प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, टक्केवारी निघते आणि तोच निष्कर्ष शोधनिबंधाच्या वेशात पुन्हा वर्गात येतो: मुलांना हवे तेच आम्ही देतो.

हा निष्कर्ष मी मानत नाही. जी गोष्ट मुलाला कधी मनसोक्त करूच दिली नाही, ती त्याला आवडत नाही असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पहिलीपासून आपण त्याला फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावले, गाईडमधले पाठ करायला लावले, पाठ केलेले जसेच्या तसे लिहिले म्हणून मार्क दिले. आणि आता तो नोट्स मागतो तेव्हा आपण ती त्याची जात्याच आवड ठरवतो. ही आवड आपण घडवलेली आहे, आणि तिच्या आडोशाला उभे राहून आपण आपले कर्तव्य चुकवत आहोत.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी अशा एखाद्या लॅबबाहेर उभे राहा. मुले जर्नल हातात घेऊन रांगेत असतात. पुष्कळांची जर्नले कॉलेजसमोरच्या झेरॉक्स सेंटरवर तयार मिळालेली असतात. नाव आणि रोल नंबर तेवढा घालायचा. ज्यांनी हाताने लिहिले त्यांनी एकमेकांचे पाहून लिहिलेले. एका बॅचची जर्नले मी चाळून पाहिली आहेत. कोणा एकाकडून एका ओळीतला कंस बंद करायचा राहून गेला होता, तो साऱ्या बॅचच्या वह्यांत उघडाच राहिला होता. तसा प्रोग्राम यंत्रावर एकदा जरी टाकला असता तरी चाललाच नसता. पण प्रत्येक वहीत त्या प्रोग्रामखाली अगदी बरोबर उत्तर लिहिलेले होते, आणि त्याखाली तपासल्याची सही. ज्या विषयाचा सगळा प्राण 'चालवून बघ' या दोन शब्दांत आहे, तो विषय मुले तीन-तीन सत्रे शिकतात आणि एकदाही काही चालवून बघत नाहीत. हे त्या मुलांना ठाऊक आहे, सही करणाऱ्याला ठाऊक आहे, बाहेरून आलेल्या परीक्षकालाही ठाऊक आहे. सगळे मिळून एक खोटे बोलतात आणि त्याला गुण देतात.

आत काही यंत्रांवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. चालू यंत्रासमोर दोघे-तिघे बसतात. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो कीबोर्ड घेतो, बाकीचे मागे उभे राहून पाहतात. वर्षभर हेच चाललेले असते. एका मुलीला परीक्षकांनी रॅम आणि रॉम यांतला फरक विचारला. तिने तो घडाघडा सांगितला. संगणकाच्या पाच पिढ्या सांगितल्या, कोणत्या पिढीत निर्वात नळ्या होत्या आणि कोणत्या पिढीत ट्रान्झिस्टर आले तेही सांगितले. मग ते म्हणाले, ही फाईल दुसऱ्या नावाने सेव्ह करून दाखवा. तिचा हात माउसवर तसाच राहिला. तिला गुण चांगले मिळाले, कारण गुण पिढ्यांना होते.

अशाच मुली पुढे शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा फॉर्म भरायला तालुक्याच्या सायबर कॅफेत जातात. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक सगळे टेबलापलीकडच्या माणसाच्या हाती देतात, मोबाईलवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतात, पासवर्डही तोच ठरवतो आणि बहुधा त्याच्याच वहीत तो लिहिलेला राहतो. वर त्याला पैसे द्यायचे. मार्कशीटवर 'संगणक परिचय' या विषयात प्रथम श्रेणी आणि स्वतःच्या हक्काच्या पैशाचा फॉर्म दुसऱ्याच्या हातून! विद्यापीठाच्या पदवीने आलेली ही परावलंबी अवस्था आपल्याला लाजिरवाणी वाटत नसेल, तर शिक्षण या शब्दाचा आपण काय अर्थ धरला आहे?

आता अध्ययनशैलीच्या शास्त्राकडे वळू, कारण आपला समाज शास्त्राचे नाव घेऊन अन्याय करण्यात पूर्वीपासून तरबेज आहे. डोळ्यांनी शिकणारा, कानांनी शिकणारा, वाचून-लिहून शिकणारा, हातांनी शिकणारा ही विभागणी नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास मांडली. त्याआधी डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचे चक्र सांगितले होते आणि शिकणाऱ्यांचे चार प्रकार केले होते. अशा मांडण्यांचे पुढे इतके पीक आले की २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली तेव्हा एकूण ७१ प्रारूपे निघाली. बी.एड.च्या पुस्तकांतून ती आपल्याकडेही आली. मग २००८ साली हॅरल्ड पॅश्लर आणि तीन सहकाऱ्यांनी या साऱ्याचा कसून आढावा घेतला. त्यांनी सरळ प्रश्न विचारला: 'डोळ्यांच्या' मुलाला चित्राने आणि 'कानांच्या' मुलाला भाषणाने शिकवले तर दोघेही अधिक शिकतात, असे कोणी नीट प्रयोग करून दाखवले आहे का? तसा पुरावा जवळजवळ नाहीच, असे त्यांना आढळले. माणसे आपली पसंती सांगतात हे खरे. पण त्या पसंतीप्रमाणे शिकवल्याने शिकणे वाढते, हे सिद्ध झालेले नाही.

याहून डोळे उघडणारा प्रयोग हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गावर झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी उत्तम वक्त्याचे व्याख्यान ऐकले. काहींना तोच भाग गटागटाने प्रश्न सोडवत शिकावा लागला. आपण जास्त शिकलो असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. चाचणीत मात्र प्रश्नांशी झगडणारे पुढे निघाले. झगडताना डोके दुखते, चुका होतात, आपल्याला काही येत नाही असे वाटते. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. तेव्हा नोट्ससाठी वर आलेले हात पाहून जो शिक्षक 'मुलांची पसंती' म्हणतो, तो त्यांच्या सुखाचा कौल घेतो आणि शिकण्याच्या नावाने खपवतो. शिवाय काही विषयांचे स्वरूपच असे असते की ते शिकणाऱ्याच्या पसंतीवर सोडता येत नाहीत. तबला कोणी डिक्टेशन घेऊन शिकत नाही. शिकणारा कोणत्याही घरचा, कोणत्याही शाखेचा असो, बोटे तबल्यावर पडलीच पाहिजेत.

मला सर्वांत जास्त चीड येते ती या विभागणीमागच्या मनोवृत्तीची. माणसाच्या कपाळावर एकदा शिक्का मारायचा, मग त्या शिक्क्याप्रमाणे त्याला वाढायचे, आणि शेवटी वाढलेल्या ताटाकडे बोट दाखवून म्हणायचे की त्याची भूकच तेवढी. या महाराष्ट्राने हा खेळ शतकानुशतके पाहिला आहे. अमक्याला अक्षर झेपत नाही, बाईला गणित झेपत नाही, शेतकऱ्याच्या पोराला इंग्रजी झेपत नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्याला कृतीने उत्तर दिले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले तेव्हा त्यांचा आक्षेप हाच होता की रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या थरांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि ते ज्ञान आपोआप खाली झिरपेल असे सरकार समजते. ते झिरपत नाही, हे त्यांनी बजावून सांगितले. आज अनेक शिक्षणसंस्थांत पाहा: भरघोस फी देणाऱ्या विनाअनुदानित कोर्सला नवी यंत्रे, वातानुकूलित लॅब, तिथली जुनी झालेली यंत्रे बी.ए.च्या वाट्याला. आणि बी.ए.ला कोण येतो? ज्याच्या बापाला इंजिनिअरिंगची फी परवडली नाही तो. जिचे लग्न ठरेपर्यंत तिला जवळच्या कॉलेजात घातले आहे ती. ज्याला गावातून एसटीने यायचे आणि दुपारी परत शेतावर जायचे आहे तो. अध्ययनशैलीचे नाव पुढे करून आपण गरिबी आणि जात यांनी आधीच आखलेली रेघ ठळक करत आहोत.

ही रेघ अटळ नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांना दिसत होते की संगणक केवळ विज्ञानवाल्यांच्या हाती राहिला तर उद्याचे वकील, व्यापारी, लोकप्रतिनिधी त्याविषयी आंधळे राहतील. त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांची बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. १ मे १९६४ रोजी तिच्यातला पहिला प्रोग्राम चालला. पण भाषेइतकाच महत्त्वाचा त्यांचा दुसरा निर्णय होता: ग्रंथालयासारखा संगणकही विद्यार्थ्यांना खुला राहील. कोणी परवानगी मागायची नाही, कशासाठी म्हणून सांगायचे नाही. त्या काळी एक यंत्र म्हणजे एक खोली भरे आणि किंमत डोळे पांढरे करणारी. तरीही त्यांनी ते खुले केले. आपल्याकडे आज कितीतरी स्वस्त यंत्रे कुलपात आहेत. तास संपला की लॅब बंद. किल्ली एका माणसाच्या खिशात. मुलांनी हात लावला तर बिघडतील, आणि कॉलेजचे मूल्यांकन करणारी समिती येईल तेव्हा ती चालू दिसली पाहिजेत! विद्यार्थ्यांच्या फीमधून घेतलेले यंत्र समितीला दाखवण्यासाठी जपून ठेवणे हा मी अपहार समजतो.

अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेकचे उदाहरणही आपल्या प्राध्यापकांनी मनावर घ्यावे. त्या संस्थेने १९९९ साली प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो मानव्यविद्येचा असो, वास्तुकलेचा असो की व्यवस्थापनाचा, संगणनाचा एक कोर्स सक्तीचा केला. या शाखांची निम्म्याहून अधिक मुले त्यात गळू लागली. तिथेही 'यांचा हा पिंड नाही' म्हणून हात झटकणे सोपे होते. तिथले प्राध्यापक मार्क गझडायल यांनी तसे केले नाही. त्यांनी २००३ साली या विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोर्स सुरू केला. त्यात तेच लूप, त्याच अटी, त्याच याद्या होत्या. पण हे सारे मुलांनी स्वतःच्या छायाचित्रांवर आणि आवाजांवर चालवायचे. फोटोतला लाल रंग कमी करायचा तर प्रत्येक बिंदूपाशी जावे लागते, आणि प्रत्येक बिंदूपाशी जायचे तर तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारे लूप लागतेच. यशाचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर गेले. मुलांचा मेंदू बदलला नव्हता. अभ्यासक्रमाने त्यांच्या जगाची दखल घेतली होती, एवढेच.

आपल्या मुलांचे जग काय थोडे आहे? भूगोलाच्या मुलाला त्याच्या तालुक्याचे पावसाचे आकडे द्या आणि कोणत्या वर्षी पाऊस सरासरीखाली होता ते यंत्राकडून शोधून घ्यायला सांगा. कॉमर्सच्या मुलीला गावच्या दूध संस्थेच्या संकलनाचा हिशेब मांडू द्या: फॅट, लिटर, दर आणि कपात. मराठीच्या विद्यार्थ्याला एखाद्या जुन्या ग्रंथातले शब्द मोजू द्या. असल्या कामाला हलके समजणाऱ्यांसाठी सांगतो, संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची यंत्राकडून करून घेण्यासाठी रोबेर्तो बुसा हा जेझुइट पाद्री १९४९ साली आयबीएमच्या दारात गेला होता. ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला यंत्र तेव्हापासून आपले वाटले आहे; बी.ए.च्या मुलाला ते परके आहे हे आपण त्याच्या मनावर बिंबवले.

भाषेचा अन्याय तर उघड आहे. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र मराठीतून लिहिणाऱ्या मुलाला बहुतेक ठिकाणी संगणकाचा पेपर मात्र इंग्रजीतून द्यावा लागतो. मग तो पाठ करणार नाही तर काय करणार? ज्या वाक्याचा अर्थ लागत नाही ते पाठ करण्यावाचून माणसापुढे मार्ग नसतो. त्याच पाठांतराला आपण पुन्हा त्याची शैली म्हणतो. वास्तविक २००८ साली आलेल्या पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात. 'पाऊस', 'सरासरी', 'दर' अशी नावे देऊन प्रोग्राम लिहिला तर यंत्र तो बिनतक्रार चालवते. हे करून पाहिल्यावर मुलाच्या लक्षात येते की 'फॉर' आणि 'इफ' असे मूठभर शब्दच काय ते इंग्रजी आहेत, बाकी सारा विचार त्याचाच आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. त्या भाषेतून बी.ए.च्या मुलाला लूप समजावून देण्याचे कष्ट किती जणांनी घेतले?

शिक्षकांचा दोष मी लपवणार नाही, पण सगळे खापर त्यांच्यावर फोडणे हाही अन्यायच. अनेक ठिकाणी हा पेपर तासिका तत्त्वावरचा माणूस शिकवतो. त्याला तासाचे पैसे मिळतात आणि तेही महिनोन्महिने थकतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. त्याने लॅबमध्ये मुलांच्या मागे उभे राहून प्रत्येकाची चूक पाहावी ही अपेक्षा योग्य आहे, पण त्या वेळेचा मोबदला कोणी धरलेला नाही. अभ्यासमंडळे अभ्यासक्रमाचे नाव बदलतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून कौशल्यवर्धन, मूल्यवर्धन अशी भारदस्त नावे आली. पण परीक्षेत 'संगणकाची वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न तसाच राहिला. परीक्षा कागदावर आहे तोवर शिकणेही कागदावरच राहणार. पालकांनाही सर्टिफिकेट हवे असते. सरकारी नोकरीला एमएस-सीआयटी लागते ना, मग तेवढे 'काढून' टाक, असे बाप मुलाला सांगतो. आणि मुलाला काय येते हे विचारायचे दोघेही विसरतात.

मुलींच्या बाबतीत हे आणखी कठोर आहे. घरात लॅपटॉप आला तर तो भावाचा. कॉलेज सुटल्यावर लॅब उघडी ठेवली तरी शेवटची एसटी चुकेल म्हणून तिला थांबता येत नाही. वर्गात यंत्र कमी असेल तर कीबोर्ड मुलाकडे आणि जर्नल मुलीकडे, कारण 'तिचे अक्षर चांगले'. पुढे प्रश्नावलीत ती लिहिते की मला वाचून-लिहून शिकायला आवडते. तिने दुसरे काय लिहावे अशी आपली अपेक्षा आहे?

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रत्येक मोबाईलवर आली आहेत. मागितला की प्रोग्राम तयार. ज्या मुलाने स्वतः चार प्रोग्राम मोडून पुन्हा जोडले आहेत त्याला ते साधन चुकले कुठे हे दिसेल. ज्याला आपण केवळ नोट्स दिल्या, तो ते उत्तरही नोट्सप्रमाणेच उतरवून घेईल. बँकेचे कर्ज, सरकारी योजनेची पात्रता, नोकरीच्या अर्जांची छाननी यांत यंत्राचा वाटा वाढत चालला आहे, आणि तिथे नाकारल्या जाणाऱ्यांत आपला हा बी.ए., बी.कॉम. झालेला मुलगा असणार. यंत्राच्या निर्णयापुढे 'का?' असे विचारण्याचे बळ त्याला देणे हे विद्यापीठाचे काम होते.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. अभ्यासमंडळांनी या विषयाचा लेखी पेपर रद्द करावा आणि परीक्षा यंत्रावर, मराठीतून, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयातले आकडे किंवा मजकूर देऊन घ्यावी. छापील जर्नल स्वीकारणाऱ्या परीक्षकाला परीक्षेच्या कामावरून दूर करावे. विद्यापीठांनी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला लॅबमधल्या वेळेचेही पैसे द्यावेत. विद्यार्थ्यांनो, तुम्हाला कोणी आवड विचारली तर आधी हक्काचे तास मागा, एका यंत्रावर एकटे बसण्याचा हक्क मागा. आवड काय ते तुम्ही नंतर सांगाल. आणि प्राचार्यांनो, जूनमध्ये नवी बॅच येईल त्याआधी लॅबची किल्ली कोणाकडे राहील, मुलींच्या एसटीच्या वेळा पाहून लॅब कधी उघडी राहील, हे लेखी ठरवा आणि नोटीस बोर्डावर लावा.